गावकीचा टोप महाबळेश्वरात

आमच्या घरात मासिकं येत नसत, पत्रकं येत. वडील रोह्याच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांच्या एका कंपनीत ऑपरेटर होते आणि युनियनची पत्रकं तेच लिहीत. वाटून उरलेला गठ्ठा घरी यायचा. गुलाबी, पिवळा, फिकट हिरवा कागद. कपाटाच्या फळ्यांवर तो अंथरला जायचा, माझ्या वह्यांना त्याची कव्हरं लागायची, आई त्यावर लसूण सोलत बसायची. शाळेच्या पुस्तकाआधी मी ही पत्रकं वाचायला लागले. मी पहिल्यांदा न अडखळता वाचलेला शब्द 'बांधवांनो' होता, आणि बरेच दिवस मला वाटायचं की कुठल्याही लिखाणाची सुरुवात याच शब्दाने करायची असते. 'माझी आई' हा निबंधही मी तसाच सुरू केला होता. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला आणि सगळे हसले. मला मात्र आजही तो शब्द तिथे फारसा चुकीचा वाटत नाही.

त्या पत्रकांत एक वाक्य फिरून फिरून यायचं: सुट्टी ही मालकाची मेहेरबानी नाही, ती आमच्या घामाची थकबाकी आहे. मला ते पाठ होतं. वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन आले की रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावातल्या आमच्या चाळीच्या जिन्यावर उभी राहून मी ते मोठ्याने म्हणायचे. रात्रपाळी करून झोपलेले शेजारी आतून ओरडायचे, की आम्हाला आधी आमची झोपेची थकबाकी घेऊ दे.

वडिलांच्या कंपनीत दर दोन वर्षांनी कुटुंबासह फिरायला जाण्यासाठी प्रवास भत्ता मिळायचा. तो आपोआप मिळालेला नव्हता. मी अंगणवाडीत असताना कामगार कंपनीच्या गेटवर बसले होते, त्यानंतरच्या करारात तो पदरात पडला होता. पण भत्ता घेऊन खरोखर फिरायला जाणारी माणसं थोडीच. बाकीचे एखाद्या गाडीवाल्याकडून बिल आणायचे. घरातली सगळी माणसं कुठल्याशा थंड हवेच्या ठिकाणी जाऊन आली असं त्यावर लिहिलेलं असायचं, आणि त्या पैशातून पावसाआधी पत्रे बदलले जायचे, मुलांच्या वह्या-पुस्तकांची सोय व्हायची. मी कुणाला नावं ठेवत नाही. ज्याचं घर गळतं त्याला डोंगरावरची हवा खायला जा म्हणून कोण सांगेल? आमच्या चाळीतली निम्मी कुटुंबं कागदावर उटी बघून आली होती.

वडिलांना ते मान्य नव्हतं. ज्यासाठी भांडलो ते खोट्या बिलावर उचललं, तर पुढच्या कराराच्या वेळी मालक तीच बिलं आपल्यासमोर ठेवील, असं त्यांचं म्हणणं. म्हणून खोटं बिल आणायचं नाही. आणि खरोखर जायचं म्हटलं तर भत्त्यात आम्हा चौघांचं जाण्यायेण्याचं भाडं निघायचं, हॉटेलात राहणं-जेवणं निघायचं नाही. त्यामुळे आम्ही भत्ता घेत नव्हतो आणि फिरायलाही जात नव्हतो. आई मला आणि धाकट्या भावाला म्हणायची, "तत्त्व तुमच्या बापाचं, आणि उपास आपला."

मग आम्ही सुट्टीत जायचो ते पेणला. पेणच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला आईचं माहेर होतं. तिथे राहायला, जेवायला काही पडत नसे. रोह्याहून पॅसेंजरने पेण आणि पुढे टमटम. गावातून जाताना गल्ल्यांमध्ये कारखान्यांच्या दारात गणपती उन्हात वाळत ठेवलेले असायचे. रंग नसलेले, डोळे नसलेले, ओळीने बसलेले. भाऊ टमटममधून प्रत्येकाला हात करायचा. गणपती संपले की भातशेती लागायची, भातशेती संपली की खारे बांध, आणि बांधांच्या पुढे मिठागर.

मामा त्या मिठागरावर कामाला होता. तो लाकडी फळीने वाफ्यातलं मीठ ओढून कडेला आणायचा आणि आम्ही बांधावर बसून ताडगोळे खायचो. खारं पाणी पायाच्या भेगांना लागलं की चरचरायचं, तरी आम्ही मुद्दाम वाफ्याच्या कडेने चालायचो. संध्याकाळी घरी येताना पोटऱ्यांपर्यंत पांढरे झालेलो असायचो. जेवायला खाडीतली मासळी. दुपारी अंगणातल्या खाटेवर वाळणारे पोह्यांचे पापड राखायचं काम आमच्याकडे, आणि राखणीचं मोल म्हणून त्याच पापडांचं डांगर, म्हणजे लाटायच्या आधीचं कुटलेलं पीठ, चोरून खायचं. त्या डांगराचा तिखट, हिंगाचा वास मला आजही कुठे आला की मी सुट्टी लागल्यासारखी सैल होते. इतकं निर्धास्त मी पुन्हा कुठेच राहिले नाही.

पण डांगर कोण कुटत होतं? ते मला पाचवीनंतरच्या सुट्टीत दिसलं. आधी दिसलं नाही, कारण ते रोजचंच होतं. आई माहेरी मामीच्या आधी उठायची. डांगर कुटायची, लाट्या पाडायची, उन्हं चढेपर्यंत दोघी पापड लाटायच्या. मग मासळी साफ करायची, मग चूल, मग आम्ही सगळे जेवून उठलो की दोघींची ताटं. तिला कुणी काम सांगत नव्हतं. पण माहेरवाशीण रिकामी बसली तर भावजयीच्या डोळ्यावर येते, आणि भावजय रिकामी बसली तर सगळ्या गावाच्या. म्हणून दोघी एकमेकींच्या वरचढ राबायच्या.

त्या वर्षी परतीच्या पॅसेंजरमध्ये आई खिडकीपाशी बसली होती. लाटण्याने तळहाताला आलेले फोड बघत होती. एकदम मला म्हणाली, "बाय, मला एकदा आयतं जेवायचं हाय. कुणाची पाहुणी म्हणून नाय, लग्नात नाय. नुसतं बसायचं, कुणीतरी वाढायचं, नि उठल्यावर भांडी बघायची नाय."

मी विचारलं, कुठे जायचं पण?

"कुठं पण. जागा मरू दे."

हे मी वडिलांपुढे मागणीपत्रासारखं ठेवलं. मागणी एकच असल्यामुळे क्रमांक घालता आले नाहीत, याची मला खंत होती. वडिलांनी हसण्यावारी नेलं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. त्यांनी वर्षभर तो विचार केला. खोटं बिल न आणता आणि कर्ज न काढता चार माणसं फिरायला जाऊ शकत नसतील, तर चाळीतली सगळी मिळून का जाऊ शकणार नाहीत? पुढच्या एप्रिलमध्ये पिवळ्या कागदावर पत्रक निघालं. ज्यांना भत्ता घ्यायचा आहे त्यांनी खरोखर फिरायला चला. एक एसटी भाड्याने ठरवू. महाबळेश्वरला एका शाळेच्या खोल्या सुट्टीत रिकाम्या असतात, त्या थोडक्यात मिळतील. कामगाराच्या कुटुंबाला विश्रांतीचा हक्क आहे आणि तो आपण बजावू.

बैठक आमच्याच खोलीत झाली. युनियनचे खजिनदार हे वडिलांचे जुने सोबती, आम्ही त्यांना काका म्हणायचो. त्यांनी सगळा हिशेब मांडला. गाडी बसते, खोल्या बसतात, फक्त हॉटेलचं जेवण बसत नाही. त्यावर उपाय त्यांच्याकडे तयार होता. प्रत्येक कुटुंबाने आपापला स्टो, आपलं रॉकेल, आपला डाळ-तांदूळ घ्यायचा. तिथे गेल्यावर वहिनीमंडळी तासाभरात उरकून टाकतील.

पडद्यामागे कपांचा आवाज चालला होता, तो थांबला. मग आई चहा घेऊन बाहेर आली, सगळ्यांना दिला आणि आत गेली. सगळे गेल्यावर ती वडिलांना म्हणाली, "म्हणजे स्टो पण फिरायला येणार."

वडील म्हणाले, "अगं, परवडायला नको का?"

"परवडतंय ना. कुणाच्या जिवावर परवडतंय ते पण लिहा एकदा तुमच्या कागदावर."

पत्रकात कुठल्याही मॅनेजरला निरुत्तर करणारा हा माणूस कप विसळायला मोरीत गेला. ते कप विसळायचे, पाणी भरायचे, इतर बापांपेक्षा पुष्कळ बरे होते. पण ज्या श्रमाची किंमत लावली नाही की हिशेब जुळतो, तो श्रम त्यांच्याही डोळ्यासमोरून निसटला होता. पुढे मी पुष्कळ हिशेब पाहिले. सरकारी, घरगुती आणि आमच्याच चळवळीतलेही. जिथे जिथे एखादी गोष्ट आश्चर्य वाटावं इतकी स्वस्त होते, तिथे मी आधी स्वयंपाकघरात डोकावून बघते.

माझं डोकं मात्र तेव्हाच पेटलं होतं. मी एका गुलाबी पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर माझं पहिलं पत्रक लिहिलं. बांधवांनो, विश्रांतीचा हक्क स्टोपाशी येऊन संपतो काय? सहलीत पुरुषांनी स्वयंपाक करावा, अशी मागणी होती आणि शेवटी तीन उद्गारचिन्हं. भाताची खळ लावून ते मी सार्वजनिक नळाच्या भिंतीवर चिकटवलं. पहिली पाळी सुटली की माणसं बादल्या घेऊन यायची, थांबून वाचायची आणि माझ्या अक्षराचं कौतुक करायची. खजिनदार काका वडिलांना म्हणाले, पोरगी तुझ्यावर गेली, मागण्यासुद्धा तुझ्यासारख्याच, मान्य न होणाऱ्या. बायकांनीही मला साथ दिली नाही. शेजारच्या काकू पाणी भरता भरता हसत सुटल्या. "ह्यांच्या हातचं खाऊन दवाखान्यात कोण जाईल गो?"

दोन दिवसांत नळाच्या पाण्याने शाई उतरली. आईने त्या कागदाकडे एकदा निरखून पाहिलं होतं.

सहलीच्या आधीच्या आठवड्यात ती एकटीच पेणला जाऊन आली. सकाळी गेली आणि संध्याकाळच्या गाडीने परत आली, ती मामाला घेऊन. मामाबरोबर टोप होता.

तांब्याचा, आतून कल्हई केलेला, दोन्ही बाजूंना जाड कड्या. कड्यांत बांबू घालून दोघांनी उचलावा असा. माझा भाऊ आत उकिडवा बसला तर बाहेरून दिसायचा नाही. आईच्या माहेरी गावकीचं जेवण, पूजा, लग्न, सगळं त्या टोपात व्हायचं. हातगाडीवर तो कुंडलिका नदीच्या पुलावरून अष्टमीला आला, तेव्हा मागे पोरांची मिरवणूकच होती आणि आई त्या मिरवणुकीच्या पुढे, पदर खोचून.

चाळीसमोर सगळे जमले. आई खजिनदार काकांशी बोलली. म्हणाली, घरटी स्टो नेण्यापेक्षा हा एक नेला तर? एकच चूल, सगळ्यांचा एकत्र भात. रॉकेल वाचेल, भांडी वाचतील, आणि एसटीत रॉकेल कुणी चढवू देईल की नाही हाही प्रश्न मिटेल. लाकडं तिथेच विकत घेऊ. काकांनी मनातल्या मनात बेरीज-वजाबाकी केली आणि त्यांचा चेहरा उजळला. वहिनींना युनियनच्या कमिटीवर घ्यायला हवं, असं ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले. स्टो बाद झाले. तांदूळ एकत्र घ्यायचं ठरलं.

मग मामाने कपाळाचा घाम पुसला आणि सांगितलं की एक गोष्ट आधीच बोललेली बरी. हा टोप देवळाचा. बायकांनी तांदूळ निवडून द्यावेत, बाकी चूल पेटवण्यापासून टोप घासण्यापर्यंत सगळं पुरुषांनी करायचं. त्यांच्या गावात पहिल्यापासून असंच चालत आलं आहे.

"बाईमाणसाचा हात लागला तर गावाला जाब मला द्यावा लागंल," मामा म्हणाला.

काकांनी विचारलं, "मग रांधायचं कोणी?"

"आपण. अजून कोण?"

शेजारच्या काकूंनी तोंडाला पदर लावला. एकाने पुटपुटून पाहिलं की टोप परत पाठवून स्टो न्यावेत. पण वाचलेलं रॉकेल आणि वाचलेली जागा काकांच्या डोक्यात पक्की बसली होती. आणि देवळाच्या भांड्याला नाही कोण म्हणणार? आई खाली मान घालून उभी होती, जणू रीतच अशी आहे त्याला तिचा काय इलाज.

मी मात्र चिडले. बाईच्या हाताने टोप बाटतो, हे कसलं आलं? घरात मी तिला तसं बोलले. पत्रकांवर वाढलेल्या मुलीला हे पटणं शक्यच नव्हतं. आई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली की तिला ते सगळं ठाऊक आहे. ती माझ्याएवढी असताना पूजेच्या दिवशी तिने त्याच टोपाची कडी धरली होती, आणि सगळ्या पंगतीदेखत तिच्यावर ओरडा झाला होता. ती दिवसभर रडली होती.

"मग तीच रीत तू उचलून घरी आणलीस?"

"व्हय. तेव्हा रडले त्याचं आता वसूल करते."

मी आजही त्या रीतीच्या बाजूने नाही. कुणी तिचं समर्थन केलं तर मी त्याच्याशी भांडेन. पण आई भांडली नाही. तिला बाहेर ठेवण्यासाठी उभी केलेली भिंत होती, तिच्या सावलीत ती बसली. यावर अजून माझं एक मत होत नाही.

एसटी सकाळी निघाली. टोप टपावर बांधलेला, आणि त्याच्या जबाबदारीपोटी मामाही गाडीत. कोलाडला पहिला चहा झाला. हायवेकडेच्या हॉटेलवाल्याने टप बघून विचारलं, की लग्न कुठल्या गावाला? पोलादपूरनंतर घाट लागला. मग खिडकीतून थंड हवा आत आली आणि मे महिन्यात अंगावर काटा म्हणजे काय ते आम्हाला कळलं. शाळेच्या खोल्या मिळाल्या, बाकं एका बाजूला सारून सतरंज्या पडल्या. सुट्टी लागल्यावर इतक्या लांब येऊन शेवटी शाळेतच झोपायचं, म्हणून माझा भाऊ खट्टू झाला.

शाळेच्या मागे दगडांची चूल मांडली गेली. पुरुषांनी शर्ट काढले. मामा मुख्य आचारी, वडील आणि काका त्याच्या हाताखाली. बायका व्हरांड्यात मुलांची बाकं ओढून बसल्या आणि बसल्यावर हातांचं काय करावं ते कुणाला कळेना. काकूंनी पदराचे दोरे काढायला घेतले.

मामाचं माप ठरलेलं होतं. टोपात तांदूळ पडले, पाणी वर आलं, झाकण ठेवलं की एक बिडी पेटवायची. बिडी संपली की निखारे बाजूला ओढायचे आणि भात मुरायला सोडायचा. त्या मापावर त्याने गावच्या कितीतरी पंगती उठवल्या होत्या. बिडी संपली. झाकण काढून त्याने एक शीत चेपलं. कच्चं. दुसरी बिडी पेटली. भात तसाच. मामाने आधी लाकडाला दोष दिला, मग पाण्याला, मग बिडीला. तिसऱ्या बिडीला वडिलांना काहीतरी वाचलेलं आठवलं. उंचावर हवा विरळ असते, त्यामुळे पाणी लवकर उकळतं पण उकळतं ते कमी तापावर, म्हणून शिजायला वेळ लागतो, असं ते समजावून सांगू लागले. धुराने डोळे लाल झालेला कुणीतरी म्हणाला, "हवेचं नंतर सांग, आधी फुंकणी घे."

खाडीकाठची बिडी डोंगरावर चालत नव्हती. डाळीची तर त्याहून वाईट अवस्था होती. दुपार कलली. लहान मुलं आयांना येऊन चिकटली आणि रडायला लागली. बायकांची चुळबुळ सुरू झाली. काकू अर्ध्या उठल्या. शेवटी काका हात पुसत व्हरांड्यात आले. आईसमोर उभे राहिले.

"वहिनी, जरा बघता का? गावाला काय कळतंय इथलं."

मी आईच्या शेजारी होते. तिचे पाय बाकाखाली चपला शोधत होते, ते मला दिसलं. पोरं भुकेली आणि ती बसलेली, हे तिने आयुष्यात कधी केलं नव्हतं. ती उठली असती तर अर्ध्या तासात कसंतरी निभावून नेलं असतं. आणि मग पुढचं जेवण, त्याच्या पुढचं, आणि पुढच्या सगळ्या सहली.

तिने पिशवी ओढली. त्यात रोह्याच्या बेकरीतले बटर होते, भलामोठा पुडा. तिने एकेका मुलाच्या हातात दोन दोन ठेवले. रडणं थांबलं. मग ती काकांना म्हणाली, "टोपाला बाईचा हात लागायचा नाय, भावजी. माझ्या भावाला गावात तोंड दाखवायचं हाय." आणि काकूंचा पदर धरून त्यांना खाली बसवलं. "बस गो. शिजंल."

काका परत गेले. झाकणावर निखारे ठेवले गेले, पाणी घातलं गेलं, कुणीतरी लाकडं आणायला पळालं.

सूर्य डोंगराआड चालला होता तेव्हा पंगत बसली. पहिली बायकामुलांची. वडील वाढायला आले. अंगावर राख, कपाळावर काळा पट्टा. आईसमोर थांबले आणि विचारलं, "भात वाढू?"

"वाढा."

भातात कणी राहिली होती, तीही बरीच. वरणातली डाळ वेगळी आणि पाणी वेगळं. सगळ्या बायका आईकडे बघत होत्या. तिने घास घेतला, सावकाश चावला. मामा टोपाशेजारी उभा होता.

"मीठ बरोबर पडलंय," ती म्हणाली.

"मिठागरावरचा माणूस हाय, ताय, तेवढं तरी जमणारच," मामा म्हणाला, आणि पंगतीत हशा पिकला. आईने भात दोनदा मागून घेतला. उठल्यावर पत्रावळ टाकली, हात धुतले, आणि मागे वळून चुलीकडे पाहिलंही नाही.

रात्रीपासून मामाचं माप बदललं आणि दुसऱ्या दिवशीचा भात चक्क चांगला झाला. दुसऱ्या दिवशी सगळे पॉइंट बघायला गेले, आई गेली नाही. मी दुपारी परत आले तेव्हा ती व्हरांड्यातल्या बाकावर कुशीवर झोपली होती. मी घाबरले. तिच्या कपाळाला हात लावला, ताप नव्हता. दिवसाउजेडी झोपलेली आई मी त्याआधी कधी पाहिली नव्हती, एवढंच. पुढची कितीतरी ठिकाणं मी विसरले, महाबळेश्वरचे पॉइंटही विसरले. ते बाक आठवतं, त्यावर कुणीतरी कर्कटकाने कोरलेलं बदाम आठवतं, आणि त्याच्या शेजारी आईचा उघडा तळहात.

परत आल्यावर वडिलांनी सहलीच्या वृत्तांताचं पत्रक लिहिलं आणि छापायला देण्याआधी घरी वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं की सहलीत महिलांना संपूर्ण विश्रांती देण्यात आली. आई पापड भाजत होती. ती न वळता म्हणाली, "दिली नाय कुणी. आम्ही घेतली."

वडिलांनी 'देण्यात आली' खोडलं आणि 'घेतली' लिहिलं. छापील पत्रक माझ्याकडे अजून आहे, फिकट हिरवं.

टोप परत द्यायला आम्ही सगळे पेणला गेलो. गावकीचं भांडं रिकामं परत करायचं नसतं. आईने त्यात महाबळेश्वरचे चणे-फुटाण्यांचे पुडे ठेवले होते, घरटी एक. मामी पुडे मोजून घेताना मामाला विचारत होती, की खरंच तुम्ही रांधलंत? मामाने कबूल केलं की रांधलं, आणि पहिल्या दिवशी कच्चं रांधलं. मामीने ते ऐकून घेतलं आणि आईकडे पाहिलं.

त्या सहली पुढे काही वर्षंच झाल्या. मग कायम कामगार कमी होत गेले आणि त्यांच्या जागी ठेकेदाराची माणसं आली. त्यांना भत्ता नाही, पगारी रजाही नाही. एक दिवस घरी राहिलं की तो दिवस कापला जातो. आज माझ्याबरोबर शिकलेली मुलं त्याच गेटमधून आत जातात, त्यांची मुलं मे महिन्यात मोबाइलवर दुसऱ्यांच्या सहली बघतात. सुट्टी परवडत नाही असं लोक म्हणतात, जणू ती बाजारातली वस्तू आहे. माझ्या वडिलांच्या पिढीने ती गेटवर बसून मिळवली होती, आणि माझ्या आईने वडिलांच्या पिढीकडून मिळवली होती. दोन्हीही पुन्हा मिळवाव्या लागतील. मी आता जी पत्रकं लिहिण्यासाठी रात्री जागते त्यांतही हेच असतं, फक्त उद्गारचिन्हं कमी झाली आहेत.

पण त्या पहिल्या सहलीनंतर दोन वर्षांनी, मे महिन्यात टोप पुन्हा टपावर चढला होता, आणि या वेळी त्याच्या मागोमाग मामीही गाडीत चढली होती. खोल्या त्याच शाळेच्या. दुपारी पुरुष मागे चुलीशी होते, धूर व्हरांड्यापर्यंत येत होता. आईने दोन बाकं एकमेकांना लावली आणि आडवी झाली. मामी शेजारी ताठ बसून राहिली. मागे झाकण आपटल्याचा आवाज झाला की ती दचकायची, उठू बघायची.

आईने डोळे न उघडता तिचा हात धरला.

"नीज गो," ती म्हणाली. "उठून काय करशील?"